अडलेली म्हैस आणि तक्रार विभाग

पंचधारा दूध संघाच्या जनावरांच्या दवाखान्यात संयोगिता शिंगे यांनी सव्वीस वर्षं फोन उचलला. शेतकऱ्याचं ऐकायचं आणि योग्य माणूस धाडायचा, एवढंच काम. पण बाई प्रश्न फार विचारत. "उभी हाय का बसली? कितवं वेत? वैरण खाल्ली का?" लोक वैतागत. "डॉक्टर मागितला की बाई उलटतपासणी घेत्यात," अशा दोन लेखी तक्रारीही त्यांच्या नावावर होत्या.

म्हणून कार्यकारी अधिकारी विजयसिंह यांनी फोनवर एआय सहायक बसवला. शेतकऱ्याचं बोलणं ऐकून सात साधनांपैकी कुठलं वापरायचं ते तो स्वतःच ठरवणार होता : तातडीची भेट, साधी भेट, रेतन, तक्रार वगैरे. प्रत्येक साधनाखाली त्याचं वर्णन हवं होतं. ते लिहायला समिती नेमली गेली. समितीने सातपैकी तीन साधनांखाली एकच वाक्य घातलं : 'पशुआरोग्यविषयक सेवांचे सर्वसमावेशक व्यवस्थापन.' वाक्य सगळ्यांना आवडलं.

पहिल्याच आठवड्यात कुरुंदवाडकडच्या पिराजीचा फोन आला. "म्हस अडलीया, लवकर या!"

"आपली अडचण तक्रार विभागात नोंदवली आहे," सहायक अदबीनं म्हणाला. "सात दिवसांत निवारण होईल."

त्याच दुपारी पेठ वडगावच्या केरबाची म्हैस माजावर आली होती, म्हणजे रेतन हवं होतं. त्याच्याकडे तातडीचे डॉक्टर दोरखंड आणि भुलीचं इंजेक्शन घेऊन धावले. म्हैस शांतपणे रवंथ करत होती. पिराजीनं शेवटी संयोगिताबाईंचा मोबाइल शोधून काढला, बाईंनी डॉक्टर धाडला, म्हणून विताना अडकलेलं रेडकू वाचलं.

बैठकीत सगळे म्हणाले, यंत्राला मराठी येत नाही. संघाचा संगणक अभियंता प्रसेनजीत, जयसिंगपूरचा पोरगा, म्हणाला, "त्याला मराठी येतंय, साहेब. आपण काय लिवलंय ते आपल्याला तरी कळतंय का?"

मग तो संयोगिताबाईंच्या टेबलाशी येऊन बसला. "काकू, तातडीची गाडी कवा पाठवायची?"

"ह्ये काय इचारणं झालं? जनावर जायला लागलं की."

"त्याला वाटंल गोठ्यातनं जायला लागलं."

बाई हसल्या. मग चष्मा पुसून लिहायला बसल्या. 'जनावर विताना अडलं, पोट फुगलं, व्याल्यावर उठेना, साप चावला, तर हे वापरावं. जनावर माजावर असेल तर हे वापरू नये. त्याला रेतन सेवा. माज म्हणजे इथं मस्ती नव्हे. नुसतं वडगाव म्हटलं तर कुठलं वडगाव ते विचारावं. शेतकरी चिडला तरी विचारावं.'

प्रसेनजीतनं जुने चाळीस फोन सहायकाला ऐकवून पाहिले. दोनच चुकले. त्या दोन जागी बाईंनी आणखी एकेक ओळ घातली.

विजयसिंहांना मात्र 'वापरू नये' हे शब्द नकारात्मक वाटले. संघाच्या प्रतिमेसाठी त्यांनी ते वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवशी दोरखंड पुन्हा केरबाच्या दारात. वाक्य गुपचूप परत आलं.

त्यानंतर गाडी नीट चालली. शेतकऱ्यांची एकच कुरकुर उरली : "ह्ये यंत्र बी त्या बाईगत प्रश्न इचारतंय की!"

वार्षिक सभेत बाईंना शाल आणि नारळ मिळाला. त्याच महिन्यात फोन उचलणाऱ्याची गरज उरली नाही म्हणून त्यांची जागा रद्द झाली. बदलीच्या आदेशात काम लिहिलं होतं : 'प्रशासकीय साहाय्य व इतर संलग्न कामे.'

"म्हंजे नक्की काय करायचं, साहेब?"

"पडेल ते," विजयसिंह म्हणाले.

बाईंनी लेखी विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : 'आदेशात नमूद केल्याप्रमाणे.' त्यांना राग आला, पण नवल वाटलं नाही.

पडेल ते काम प्रसेनजीतच घेऊन आला. सध्या बाई पशुखाद्य विभागाच्या साधनांची वर्णनं लिहितात. हुद्दा नाही, टेबल जिन्याखाली. तिथल्या अधिकाऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलं, वैरण आणि पशुखाद्य एकच, उगाच दोन साधनं कशाला. बाईंनी वाद घातला नाही. शेजारच्या गल्लीत धोंडुबाईचा गोठा आहे, तिथं अधिकाऱ्यांना चालत घेऊन गेल्या, एका हातात वैरणीची, कडब्याची पेंढी दिली, दुसऱ्या हातात पशुखाद्याची, पेंडीची पाटी, आणि म्हणाल्या, "आता ह्यातलं कुठलं कुणाला घालायचं ते तुम्हीच सांगा."