माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि कॅसेटची दुसरी बाजू

मी गनी. महाडात फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. माणसाला स्वतःबद्दल जेवढा भ्रम असू शकतो तेवढा मला आहे, आणि वर थोडा उरतोही. चालू फ्रिजला नुसता कान लावून मी कॉम्प्रेसरचं दुखणं सांगतो, हे गावभर कुणी सांगितलं असेल तर मीच. तेव्हा घरचा कॉम्प्युटर मी दुकानातून आयता आणणं शक्यच नव्हतं. कॅबिनेट एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललं, मदरबोर्ड मुंबईहून जुना मागवला, रॅम एकाकडची, हार्ड डिस्क दुसऱ्याकडची. सगळं जोडून बटण दाबलं तर पडदा पहिल्या झटक्यात उजळला. त्या दिवशी मी बाजारात तीन माणसांना उगाचच चहा पाजला.

फक्त आवाजाचं तेवढं राहिलं. मदरबोर्डाच्या अंगच्या आवाजात भुणभुण होती. मी सेटिंगमध्ये शिरून तो भागच बंद करून टाकला आणि वेगळं साउंड कार्ड आणून बसवलं. त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती बावीस दिवस टिकली.

एरवी मी म्हटलं असतं, गेला तो आवाज खड्ड्यात. पण हा सगळा खटाटोप होता एका कॅसेटसाठी.

तरुणपणी मी कुवेतला कामाला होतो. आमच्या वेळी तिकडे पत्रं कमी आणि कॅसेट जास्त यायच्या. कुणी गाववाला सुट्टी संपवून परत निघाला की घरचे त्याच्या बॅगेत एक कॅसेट कोंबायचे. तिच्यात आई बोलायची, चुलते बोलायचे, मधेच कोंबडा आरवायचा. आम्ही खोलीत आठ जण, सगळे महाड-पोलादपूरकडचे, आणि रिवाज असा होता की कॅसेट कुणाचीही असो, ऐकायची सगळ्यांनी मिळून. दुसऱ्याची आई दुसऱ्यावर रागावली तरी आम्हाला बरं वाटायचं. एकोणीसशे नव्वदच्या जूनमध्ये माझी कॅसेट आली. पहिल्या बाजूला अम्मा होती. ती बाजू संपली, कुणीतरी कॅसेट उलटवली, आणि "मी शमसू बोलतेय" एवढं कानावर पडल्याबरोबर मी झडप घालून टेप बंद केला. सात बाप्यांच्या देखत बायकोचा आवाज कसा लावायचा? एकटा असताना ऐकू, म्हणून कॅसेट बॅगेत ठेवली. आठ जणांच्या खोलीत माणूस एकटा कधी असणार, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. खरं सांगायचं तर दीड महिन्यात तशी संधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी झोप काढली.

ऑगस्टात कुवेतवर फौजा आल्या आणि आम्ही जॉर्डनमार्गे कसेबसे घरी पोचलो. टेप तिकडेच गेला, कॅसेट मात्र माझ्याबरोबर आली. शमसुन्निसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच दिवशी विचारलं, "कॅसेट ऐकलीत?"

"ऐकली की."

"दोनी बाजू?"

"दोन्ही."

कॅसेट तिनं आपल्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. आता ऐकलेली कॅसेट मी पुन्हा कोणत्या तोंडानं मागणार? पस्तीस वर्षं मागितली नाही.

दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी आमच्या घरात गळ्यापर्यंत चढलं. पेटी चिखलानं भरली. शमसूनं कॅसेट धुतली, सावलीत वाळवली, मी फीत काढून नव्या डबीत भरली. फीत जागोजागी कडक झाली होती. वाजली तर एकदा वाजेल, दुसऱ्यांदा तुटेल, एवढं मला कळत होतं. म्हणून ती वाजतानाच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची होती. पोलादपूरला दिलेली आमची मुलगी रिझवाना, तिला दादीचा आवाज हवा होता. मला हवं होतं ते मात्र मी कुणाजवळ बोलू शकत नव्हतो. ती दुसरी बाजू मला आधी एकट्यानं ऐकायची होती, कानाला हेडफोन लावून, खोटं उघडं पडायच्या आत.

आता माळ्याचं सांगतो. पुरानंतर महाडात सगळ्यांना एकच अक्कल आली, किमतीची वस्तू वर ठेवायची. भिंतीवर पाण्याची खूण आहे, तिच्या वर. आमच्या गल्लीत एकानं मिक्सरसुद्धा फळीवर चढवलाय आणि चटणीसाठी त्याची बायको रोज स्टुलावर चढते. मी त्याला हसायचो. माझं स्वतःचं कॅबिनेट माळ्यावर होतं, पाठ भिंतीकडे करून. पडदा, कीबोर्ड आणि स्पीकर खाली टेबलावर, मधे लांबलचक वायरी. मागे काही लावायचं झालं की मी स्टुलावर उभा राहून हात पलीकडे घालायचो आणि चाचपून पिन खुपसायचो. दिसायचं काहीच नाही. पण चाळीस वर्षांचा मेकॅनिकचा हात, त्याला डोळे कशाला लागतात, असं मीच म्हणायचो.

तर आवाज नव्हता, आणि मी ठरवलं की दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. कुवेतला आमचा मलबारी फोरमन होता, अरबाचं आम्हाला आणि आमचं अरबाला सांगणारा, तसाच. तो सुट्टीवर गेला की आम्ही नुसती एकमेकांची तोंडं बघायचो. माझ्या पडद्यावर साउंड कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता, म्हणजे दुभाषी कामावर आलेला नव्हता. मी इंटरनेटवर शोधलं आणि सगळ्यात मोठं हिरवं बटण दिसलं ते दाबलं. त्यानं ड्रायव्हर सोडून चार भलत्याच गोष्टी घरात आणल्या. त्यातली एक मला रोज सकाळी कुठल्यातरी परमुलखातल्या शहराचं हवामान सांगू लागली. तिथं बर्फ पडत होता.

दुसऱ्या आठवड्यात मी कॅबिनेट खाली उतरवलं, कार्ड काढलं, त्याच्या चिपवरचा नंबर भिंगातून वाचला आणि नेमका त्याच नंबरचा ड्रायव्हर शोधून काढला. कॅबिनेट परत माळ्यावर, पिना परत चाचपून. त्रिकोण गेला. गाणं लावलं की पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या खालीवर नाचायला लागल्या. स्पीकर मात्र ठार मुके. थोडी अक्कल असलेला माणूस इथे वायर बघतो. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, अकरा वेळा. मग स्पीकर खोलले. दोन्ही चांगले होते. मी खोलल्यानंतर एकच चांगला राहिला.

शेवटी पोलादपूरच्या अरविंद सरांना फोन केला. शाळेत कॉम्प्युटर शिकवून रिटायर झालेले, सालस माणूस, त्यांचा फ्रिज मी दोनदा दुरुस्त केलाय.

"गनीभाई, मागची पिन बघितलीत का?" त्यांनी विचारलं.

"सर, मी एसीची सर्किटं जोडतो. मला पिन शिकवता?"

"तसं नाही हो. पट्ट्या हलतायत ना? म्हणजे ड्रायव्हर बरोबर आहे. मग राहिली पिनच."

"पिन बरोबर हाय."

"डोळ्यांनी बघितलीत?"

मी फोन कापला. रेंज गेली होती, असं त्यांना नंतर सांगितलं. आंबेनळी घाटात असतो तर ते खरं तरी वाटलं असतं, मी उभा होतो भर बाजारात. घरी आलो आणि सरांवरच्या रागानं अख्खी विंडोज पुसून नव्यानं टाकली.

या सगळ्या दिवसांत शमसू शिलाई मशीनवर बसून गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवत होती. माझ्याकडे बघायची, पण टोमणा असा एक मारला नाही. फक्त सकाळी विचारायची, "आज व्हईल?" मी म्हणायचो, होईल. तिला चार दिवस रिझवानाकडे धाडायची खटपट मी करून पाहिली. हवापालट होईल म्हटलं, नातवंडं वाट बघतायत म्हटलं. ती म्हणाली, "कॅसेट झाल्याबिगर मी हलायची नाय." तेव्हापासून माझी भूकच मेली.

तेविसाव्या दिवशी ती गोधड्या उन्हात घालायच्या म्हणून माळ्यावर चढली. मी खाली टेबलाशी बसून पट्ट्यांचा नाच बघत होतो.

"अवो," ती वरून म्हणाली, "हिथं हिरवी भोकं दोन हायत."

"दोन कशी असतील गो?"

"एक वरती, एक खालती. तुमची पिन वरच्यात हाय."

स्पीकरची पिन हिरव्या भोकात जाते, आणि वरचं भोक होतं मदरबोर्डाचं. मीच माझ्या हातानं बंद केलेलं. कार्डाचं भोक त्याच्याखाली चार बोटांवर होतं आणि माझा तो चाळीस वर्षांचा हात दर वेळी न चुकता वरच्यावरच गेला होता. स्वतः कुलूप घातलेल्या दुकानापुढे बावीस दिवस गिऱ्हाईक म्हणून उभा होतो मी. "खालच्यात घाल," मी म्हटलं. तिनं घातली. आवाज मी शंभरावर नेऊन ठेवलेला होता. कव्वालीनं घर असं दणाणलं की शेजारची कोंबडी पत्र्यावर जाऊन बसली. मी धावत जाऊन आवाज खाली आणला. शमसू हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

कॅसेट वाजवायला एक जुना टेप मी आणून ठेवला होता, त्याची वायर आवाज आत घेणाऱ्या निळ्या भोकात घालायची होती. तीही तिनंच घातली, बघून. मग खाली उतरली, हात धुतले, पेटीतून कॅसेट काढून आणली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"तू चहा ठेव," मी म्हटलं. "मी लावतो तवर."

"चहा नको."

"हेडफोन लावतो. बारीकसारीक नीट कळेल."

"स्पीकरवर लावा. मला बी ऐकायचं हाय."

हेडफोन मी परत बाजूला ठेवला. बटण दाबलं. खरखरीतून अम्मा बोलायला लागली. "गनी, उन्हात फडकं बांधत जा रे. जेवणाची आबाळ करू नको." अम्माला जाऊन अठरा वर्षं झाली. मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शमसूनंही डोळे पुसले. अर्ध्या तासानं ती बाजू संपली, फीत तुटली नाही, आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरला. मी म्हटलं, "चला, झालं बाबा काम." शमसूनं हात पुढे केला, कॅसेट काढली, स्वतः उलटवली आणि बटण दाबलं.

"मी शमसू बोलतेय. समदी बाहेर गेलीत." वीस वर्षांच्या पोरीचा आवाज, घाबरल्यासारखा, भरभर बोलणारा. "बारावीचा निकाल लागला. मी पास झाले. मला डी.एड.चा फॉर्म भरायचा हाय. एसटीनं जाऊन-येऊन करीन, रिझवानाला अम्मा बघतील. त्या नको नाय म्हणाल्या, तुमाला इचार म्हणाल्या. तीस जून शेवटची तारीख हाय. दुकानाच्या फोनवर नुसतं हो म्हणून सांगा, ते निरोप देतील. काय कळवलं नाय तर मी समजेन, तुमची मर्जी नाय. मग मी परत इचारणार नाय. तब्येतीला जपा."

पुढे नुसती खरखर होती. आम्ही ती संपेपर्यंत बसून राहिलो.

तिनं परत कधीच विचारलं नाही. रिझवानाच्या डी.एड.च्या वेळी तर ती फी भरून आली आणि मग मला सांगितलं. मला विचारलं का नाही, म्हणून मी तेव्हा दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. हे सगळं त्या खरखरीत मला आठवत गेलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही.

"मी ऐकली नव्हती," मी म्हटलं. "ही बाजू. त्या दिवशी खोटं बोललो तुला."

टेपमधली कॅसेट काढून तिनं मांडीवर घेतली.

"म्हंजे तुमी नाय म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाय."

"मला वाटलं, ऐकून गप बसलात."

"मी हो म्हटलं असतं, शमसू." हे तोंडातून निघून गेलं, आणि ते खरं की खोटं माझं मलाच कळेना. त्या वेळचा गनी मला चांगला माहीत आहे. तिलाही माहीत होता.

तिनं विचारलं, "आवाज आला का समदा कॉम्प्युटरमध्ये?"

"आला. दोन्ही बाजू."

"मग रिझवानाला पहिलीच पाठवा," ती उठत म्हणाली. "दुसरी नको. ती तुमच्यासाठी व्हती."