झिपरीची पट्टी

मंगळवारी वाऱ्यानं आमचं कुंपण पडलं. आयर्लंडमध्ये ॲथलोनच्या बाहेर राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही... पण कुंपणापलीकडे पॅटच्या मेंढ्या होत्या आणि अलीकडे आमची झिपरी.

झिपरी म्हणजे आमची कुत्री, हिवाळ्यात बेवारशी कुत्र्यांच्या रेस्क्यूमधून आणलेली. ब्रियार नावाची, मेंढ्या राखणारी फ्रेंच जात. डोळ्यांवर एवढ्या झिपऱ्या की तिला समोरचं दिसतं कसं कोण जाणे.

पॅट आमचा शेजारी, साठीचा शेतकरी. त्याच्या मेंढ्याही फ्रेंच, शारोले... अंगावर लोकर आणि तोंडं गुलाबी, नुकती दाढी केल्यासारखी. 'म्हणजे या आमच्या झिपरीच्या माहेरच्या,' असं मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो हसला नाही. मेंढ्या व्यायच्या दिवसांत मोकळा कुत्रा शेतात दिसला तर गोळी घालावी लागते, हे मात्र त्यानं आमच्याकडे चहा पिता पिता शांतपणे सांगितलं. इथं शेतकऱ्याला तशी मुभा आहे.

खरं तर झिपरीला येत्या शनिवारी परत द्यायचं ठरलं होतं. कारण एकच, तिच्या येरझाऱ्या. लॉनच्या रस्त्याकडच्या कडेनं ती नुसती फिरायची... इकडून तिकडे, तिकडून इकडे. गवत जाऊन तिथं चिखलाची पट्टी पडली आणि घरमालकाचं डोकं फिरलं.

व्हेट म्हणाली, तब्येत ग्रँड आहे, बहुतेक ॲन्झायटी असेल. मेंढपाळ कुत्रा म्हणजे पॅटच्या कॉलीसारखा गोल पळून मेंढ्या वळवणारा, एवढंच आम्हाला माहीत. त्यामुळे ही बिचारी डोक्यानं जरा हललेली, असं आम्ही धरून चाललो. आमची सहा वर्षांची इरा मात्र सारखी सांगायची, "आई, शी ओन्ली डझ इट व्हेन आय'म आउट प्लेइंग." पण पोराटोरांचं ऐकतंय कोण...

तर मंगळवारी नवरा घरून मीटिंगमध्ये होता. त्याच वाऱ्यानं मागचं दार उघडलं आणि झिपरी बाहेर गेली. मी प्लांटमधली शिफ्ट संपवून परत आले तर पॅट शेतात उभा, हातात बंदूक. मी झिपरीला हाक मारणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"हाक मारू नकोस," तो म्हणाला. "बघ आधी."

मी बघितलं. पडलेल्या कुंपणाच्या रेषेवर झिपरी येरझाऱ्या घालत होती. तीच चाल, तेच वळण. पलीकडे मेंढ्या आणि कोकरं निवांत चरत होती. एखादी रेषेजवळ आली की ही फक्त तिच्यासमोरून चालत जायची आणि मेंढी मागे फिरायची. तिनं स्वतः शेतात एक पाऊल टाकलं नव्हतं... आमच्या लॉनवरून पुढं थेट रस्ता आहे, आणि त्यावर एकही मेंढी आली नव्हती.

पॅटनं बंदुकीची नळी खाली पाडून काडतुसं काढली आणि खिशात टाकली. "तुमचं कुंपण पडलेलं नाही," तो म्हणाला. "ते चालतंय."

नंतर आम्ही वाचलं. या ब्रियार कुत्र्यांच्या मुलुखात शेताला कुंपणं नसायची. मेंढ्या शेजारच्या गव्हात शिरू नयेत म्हणून ही कुत्री दिवसभर कडेनं फिरायची. कुंपणाचं काम त्यांचंच.

तेव्हा मला इराचं बोलणं आठवलं आणि मी बाहेर जाऊन ती पट्टी नीट पाहिली. एका बाजूला इराचा झोका, दुसऱ्या बाजूला रस्ता. मधोमध पट्टी. जिला आम्ही आजारी ठरवून परत पाठवत होतो, ती आल्या दिवसापासून आमच्याच लेकराला राखत होती. मी तिथंच चिखलात उभी राहून रडले.

रेस्क्यूवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. घरमालकाला सांगितलंय, गवताचं बी आणून टाकते, सगळ्या लॉनवर... पट्टी सोडून.