शिमग्याआधीची शिरगणती

एक्क्याऐंशीच्या जनगणनेत आमच्या वाडीची घरं माझ्याकडे आली, कारण मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो. रत्नागिरी शहर आमच्या अंगावर चालून येत होतं आणि वाडी मात्र रिकामी होत होती. दारोदार बायका, म्हातारी माणसं आणि पोरं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आधी आमच्या मालकांचं नाव घाला."

मालक मुंबईत, गिरणीत. माणूस जिथे राहतो तिथेच त्याची नोंद, असा नियम. मी तो दोनदा समजावला.

"मग हे घर कोणाचं?" असं म्हणून त्या आत निघून गेल्या. त्या नियमाचा मला संताप आला, पण हात नियमाप्रमाणेच चालला. मुंबईत त्याला कोणीतरी लिहीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कागद कचेरीत जमा झाले आणि थोड्याच दिवसांत शिमग्याला सगळे चाकरमानी आले. वाडी माणसांनी फुलली. पालखी खांद्यावर घेतली तेव्हा वहिनींचा नवरा माझ्या बाजूलाच होता.

मी विचारलं, "तुमच्या खोलीवर शिरगणतीवाला आला होता ना रे?"

"आला होता की! आम्ही सगळ्यांनी त्याला ठणकावून सांगितलं, आम्ही इथले नाय, आमची नावं गावाला लागतील. गेला बिचारा परत."

तो खुशीत हसला. मग मान वळवून म्हणाला, "तू घातलंस ना माझं नाव?"

ढोल जोरात वाजत होते. मला ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.