मानाच्या भिंतीवर जिवंत माणूस

आमच्या रेल्वे कॉलनीतल्या क्लबाने हॉलमध्ये खेळाडूंसाठी मानाची भिंत करायची ठरवली, तेव्हा तिच्यावर पहिला मान माझाच होता. हे नम्रपणे सांगायला हवं, पण नम्रपणाचा आणि माझा कधी फारसा संबंध आला नाही. एकवीस वर्षं मी रेल्वेच्या संघात बास्केटबॉल खेळलो, फॉरवर्ड म्हणून. फॉरवर्ड म्हणजे बास्केटखाली घुसायचं, बरगड्यांत कोपरं खायची आणि तरी चेंडू आत टाकायचा. कागदोपत्री मी पार्सल ऑफिसात कारकून होतो. पण टेबलाखाली माझे गुडघे मावत नसत, त्यामुळे साहेबच वैतागून मला मैदानावर पाठवून द्यायचे.

कारकीर्द म्हणाल तर अशी. एकदा झाशीजवळच्या मोठ गावी धान्याच्या मंडीत सामना होता. कोर्ट म्हणजे धान्य वाळवायचं फरसबंद अंगण, आणि आदल्या दिवशीचा वाटाणा कुणी नीट झाडलाच नव्हता. दहाच्या दहा खेळाडू घसरत होते. मी उडी मारून चेंडू टाकला आणि खाली आलो तो थेट पंचांच्या अंगावर. पंच मंडीतलेच आडते होते. त्यांनी गुण दिला नाही, आधी खाली वाकून किती वाटाणा चिरडला ते पाहिलं. तरी आम्ही जिंकलो आणि बक्षीस म्हणून वाटाण्याचं पोतं घेऊन पॅसेंजरने झाशीला परतलो.

आईने मात्र माझा एकही सामना पाहिला नाही. आमचं घराणं भिक्षुकांचं. अर्ध्या चड्डीत गावभर उड्या मारणारा मुलगा त्यात कुठे बसवायचा, हा तिच्यापुढे प्रश्नच होता. "देवाने उंची दिली ती पडदे लावायला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक हसायचे. मला हसू येत नसे. मला तिचा राग होता आणि तो मी चाळीस वर्षं नीट जपला. आता ती नव्वदीला आली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती भिंत व्हायलाच हवी, एवढं एकच मी मनाशी धरलं होतं.

समारंभाच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. सेक्रेटरींनी पडदा ओढला. फोटोत मी हवेत होतो, हातात चेंडू, चेहरा ओढलेला. फोटोला चंदनाचा हार होता. खाली माझ्या नावाआधी 'स्वर्गीय' लिहिलं होतं, पुढे जन्माचं साल, मग एक आडवी रेघ आणि रेघेनंतर मोकळी जागा.

"अहो, मी इथे उभा आहे!" मी मराठीतच ओरडलो.

सेक्रेटरी शांत होते. "भाईसाहब, इस हॉल में आज तक जितने फोटो लगे, सब स्वर्गीय लोगों के लगे. फ्रेमवाला वही है. उसने सोचा, आप भी."

"और ये खाली जगह?"

"वो बाद में भर देंगे. कोई जल्दी नहीं है."

तोवर कुणीतरी फोटोच्या काचेवर कुंकू लावून उदबत्ती पेटवली होती. पाठोपाठ दोन मिनिटांचं मौन जाहीर झालं. हॉल उभा राहिला, आणि सांगायला लाज वाटते, सवयीने मीही मान खाली घालून उभा राहिलो.

मौन आईने मोडलं. "उतारो जाए!" ती बुंदेलीत ओरडत, काठी आपटत पुढे आली. "हमाओ लरका ठाड़ो है सामने, और तुम हार पहना रए?" काठीच्या मुठीने तिने हार ओढून खाली पाडला. मग फ्रेम उतरवायला लावली आणि रिक्षात मांडीवर घेऊन ती घरी आली. कमिटीने मागाहून निरोप पाठवला, की खिळा तसाच ठेवतो, वेळ आली की कळवा.

मी संतापलो होतो. आयुष्यात एकदा माझ्यासाठी हॉलमध्ये आली, तीही मला भिंतीवरून खाली उतरवायला. घरभर मी भांडी आदळत फिरत होतो.

तिने पदराच्या ओल्या टोकाने काचेवरचं कुंकू पुसलं. मग चष्मा लावून बराच वेळ फोटो पाहत राहिली.

"हे खरं आहे का रे? दोन्ही पाय सुटलेत जमिनीवरून."

"खरं आहे."

"आणि पडत नव्हतास?"

"कधीकधी."

"किती वर्षं करत होतास असं?"

"एकवीस."

तिने फोटोतल्या माझ्या पायांवरून बोट फिरवलं. "मग मला एकदा तरी बोलवायचंस," ती म्हणाली. "मैदान काय लांब होतं? भाजी आणायला मी त्याच रस्त्याने जायची."

तिला चांगलं सुनावायला मी तोंड उघडलं आणि ती सामन्याला यायला नको म्हणाली होती तो दिवस आठवू लागलो. वर्षामागून वर्ष पाहिलं. तसा दिवस सापडेना. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.