बाई काय म्हणाल्या

"हात दाखवा आधी," हाच आमच्या नर्सबाईंचा रामराम. बाळंतिणीची सासू असो नाहीतर गावचा पाटील, नखं बघितल्याशिवाय त्या कुणाला खोलीत शिरू देत नसत. पाटलांनाही एकदा त्यांनी रांजणापाशी परत धाडलं. ते मुकाट्याने हात धुऊन आले, वर "व्हय बाई" म्हणाले. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. चाकणच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. बाळंतपणं करायला बाई पार निघोज्यासारख्या गावांपर्यंत पायी जात. मग परदेशी मदतीतून दवाखान्याला जीप मिळाली. हार घातले, फोटो निघाला. पाहुणी गोरी डॉक्टरीण भाषण करत होती, तेव्हा बाई जीपचा मागचा भाग वितीने मोजत होत्या.

"अडलेली बाई आडवी मावेल," म्हणाल्या.

आठवड्यात आमच्या वरच्या डॉक्टरसाहेबांनी जीप तालुक्याला, खेडला नेली. ती तिथेच राहिली. ती परत मिळावी म्हणून बाईंनी तीन अर्ज दिले. मीच लिहिले, मीच फायलीत लावले.

चैत्रात निघोज्याची एक पहिलटकरीण अडली. मूल आडवं होतं, पुण्याला न्यायला हवं होतं. खेडला सायकलवरून माणूस पिटाळला. साहेब जीप घेऊन लग्नाला गेले होते. शेवटी बैलगाडी जुंपली. तिचा नवरा हाकत होता, मी बरोबर चालत होतो. वाटेतलं मोशी गावही अजून यायचं होतं.

"बैलांना मारू नकोस आता," बाई गाडीतून म्हणाल्या. तेव्हा त्याला कळलं.

पुढे ती डॉक्टरीण पुन्हा आली. तिने विचारलं, जीपचा उपयोग होतो का? साहेब सोडले तर इंग्रजी येणारा मी एकटा. बाईंनी सगळं सांगितलं, त्या पोरीच्या नावासकट. साहेब माझ्याकडे बघत होते.

मी इंग्रजीत म्हणालो, "फार उपयोग होतो. त्या आभारी आहेत."

डॉक्टरिणीने हसून बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

ती गेल्यावर बाईंनी मला एवढंच विचारलं, "हे ऐकून कुणी हसतं का हो, भाऊ?"

महिन्याभरात बाईंची लांब बदली झाली. हुकूम मीच नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"तुम्हीच वाचा. पण लिहिलंय तेच वाचा."

त्यानंतर कित्येक महिने बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होतं. निघोज्याच्या बाया यायच्या, विचारायच्या, "बाई कवा येनार?"

"येतील," मी म्हणायचो.