दोरीच्या आतली चंद्री

चंद्रीनं सरकारी माणसावर आयुष्यात एकदाच विश्वास टाकला, आणि तो माणूस नेमका मी निघालो.

मी गुप्ते, राहणार मांजर्ली, बदलापूर. नोकरी आकडेवारीची. भात किती पिकलं हे अंदाजपंचे सांगून चालत नाही, म्हणून सरकार पीक कापणी प्रयोग करतं. आकड्यांच्या पुस्तकातून चिठ्ठी काढल्यासारखं एक शेत निवडायचं, त्यात दहा बाय पाच मीटरची दोरी लावायची आणि तेवढ्यातलंच भात कापून, झोडून वजन करायचं. अशा शेकडो दोऱ्यांवरून जिल्ह्याचा आकडा बनतो, मग राज्याचा, मग देशाचा. चौऱ्याऐंशी साली जांभूळ गावापलीकडच्या वाडीत चिठ्ठी निघाली ती चंद्रीच्या शेताची.

मी खुंट्या ठोकून दोरी ताणली, आणि ही बाई विळा घेऊन सरळ दोरीच्या आत येऊन बसली.

"अहो बाई, उठा!"

"माजाच शेत का?"

"पुस्तकात नंबर निघाला."

"गावात एवढी शेतां, नि पुस्तकाला माजाच दिसला?"

आता हिला काय कपाळ समजावणार! पण तिचा संशय उगाच नव्हता. शेजारच्या भीमाच्या शेतात अशीच दोरी लागली होती आणि दुसऱ्या वर्षी तिथून पाण्याचा मोठा नळ गेला. त्यात नवरा मेल्यापासून सहा वर्षं ही एकटी शेत कसत होती, तरी सातबाऱ्यावर नाव होतं थोरल्या दिराचं, नाथाचं. नाथा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका शेठच्या दुकानात होता, शेताकडे फिरकतही नसे. आपलं नाव नाही तर उद्या शेतही नाही, एवढीच तिला धास्ती.

ऊन चढलं. माझं डोकंही चढलं. शेवटी तीच म्हणाली, "माजा नाव लिवशील तर उठते."

"लिहितो बाई, पण उठा!"

उठली. भात कापलं, झोडलं. पण वजन करू देईना. आधी स्वतःच्या अधोलीनं, घरच्या मापानं, मोजलं. "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग माझ्या तराजूचा काटा डोळे बारीक करून पाहिला. वाळवून बघायला किलोभर नमुना घेतला, तर माझ्या पिशवीकडे अशी बघत राहिली की चोर मीच.

मग तक्ता भरायला बसलो. रकाना होता, कसणाऱ्याचे नाव. खरं तर तिथे चंद्रीच हवी होती. पण नाव सातबाऱ्याशी जुळलं नाही की तक्ता शेरा मारून परत येतो, आणि माझा तक्ता कधी परत आला नव्हता. मी लिहिलं नाथा, आणि मोठ्यानं वाचलं चंद्री. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लाज वाटते आज.

"लिवलेला मना पन दे," ती म्हणाली. मी खालची कार्बन कॉपी फाडून दिली आणि सुटलो एकदाचा.

त्र्याण्णव साली उल्हासनगरला तहसील कचेरीत आमची बैठक झाली. आकडेवारी बळकट करायची नवी योजना आली होती. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर येतील हो, पण देशाच्या हिशेबाचा पाया तुमचे तक्ते आहेत. या गुप्त्यांकडे बघा! एकही तक्ता परत नाही." टाळ्या पडल्या. मी फुगून बाहेर आलो, तर पायरीवर चंद्री. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तोच कागद.

नाथानं शेत विकायला काढलं होतं. त्याच कचेरीत त्याच दिवशी सुनावणी होती.

"कसतेस त्याचा कागद हाय का, इचारलान. मी बोलले, हाय. भाऊसायबानं लिवलेला." तिनं कागद उलगडला. "माजा नाव कुठं हाय, बोट ठेव. आत मना दावता आला पायजे."

"चंद्रीबाई, यात नाथाचं नाव आहे."

ती कागदाकडे बघत म्हणाली, "मंग त्या दिशी मी उठले कशाला?"

मला राहवेना. तिच्याबरोबर आत गेलो, आणि शेत हीच कसत होती, मी डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. अधिकाऱ्यानं माझा कागद माझ्यासमोर धरला. "गुप्ते, सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"मग तुमचे बाकीचे तक्ते?"

"तपासा," मी म्हणालो.

"लेखी द्या."

दिलं. सकाळच्या टाळ्या त्या एका पानात गेल्या. ते पान मी आधी चंद्रीपुढे धरलं. तिनं ते घेतलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि नेऊन नाथाच्या वकिलाच्या हातात दिलं.

"तू वाच. तू त्याच्या बाजूचा. माज्या भल्याचा खोटा तू वाचनार नाय."

वकिलानं तोंड वाकडं करून वाचलं, "सदर जमीन कसणारी, चंद्री."

"परत वाच," ती म्हणाली.

माझी वेतनवाढ थांबली. पुढच्या पावसाळ्यात सातबाऱ्यावर चंद्रीचं नाव चढलं. तो उतारा घेऊन ती बदलापूरला आली, माझ्या दारावरून गेली, आणि वाचून घ्यायला पलीकडच्या किराणावाल्याकडे थांबली.