घार, गिधाड आणि वकीलसाहेबांचे हवाई नियम

आमच्या रविवारच्या खेळात टेबल खरं, फासे खरे, चहा खरा. बाकी राक्षस, किल्ले, लढाया सगळं तोंडी! वानखडे वकील गोष्ट सांगतात, आम्ही आपापलं पात्र घेऊन तिच्यात घुसतो आणि फासे टाकून मारामाऱ्या करतो. गंमत म्हणजे त्या गोष्टी आता कुणालाच आठवत नाहीत. आठवतात ती भांडणं. ती इतकी साचलीत, की एक सांगायला घेतलं की मागून चार येतात. आणि जवळजवळ सगळी एकाच प्रश्नावरची: जमिनीवरच्याने उडणाऱ्याला मारायचं कसं?

नियमांचं जाडजूड पुस्तक आहे म्हणा. पण बुलढाण्यात चार माणसं जमल्यावर पुस्तकाला कोण विचारतो!

*

सुरुवात प्रमोदने केली. त्याचं मोताळ्याला बी-बियाण्यांचं दुकान, आणि खेळात तो तलवारवाला. समोर आलं बैलाएवढं गिधाड.

"घालतो एक तलवारीनं!"

"ते वर हाय," वकीलसाहेब म्हणाले.

"मंग खाली येईल न?"

"येईल तवा मार."

गिधाड वरून दगड टाकत राहिलं. प्रमोदचा वीर तलवार उगारून उभा. आमच्या पाळ्या येऊन जात होत्या आणि याचं प्रत्येक वेळी एकच, "वाट पाह्यतो." शेवटी तो उखडला.

"साहेब, हे युद्ध हाय का बसस्टँड?"

*

मग दुसरा वाद. झडप घालून निघून जाणाऱ्या पक्ष्याला जाता जाता एक फटका मारता येतो की नाही? प्रमोद म्हणाला, येतो. वकीलसाहेब म्हणाले, "पुरावा आन."

प्रमोद खरंच शेतात गेला! धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाच्या कडेला, टिटवीची अंडी होती. हा काठी घेऊन तिकडे सरकला, टिटवी अंगावर आली. तो काठी फिरवतोय, ती सुळकन निघून जातेय, पुन्हा येतेय. त्याचे वडील लांबून हा तमाशा पाहत होते.

"काऊन बे, काय करून राह्यला?"

"नियम तपासून राह्यलो, बाबा!"

"टिटवीले कायचे नियम बे? तिचे अंडे हायेत तिथं. व्हय मांगं!"

पुढच्या रविवारी प्रमोद पडेल चेहऱ्याने आला. काठी एकदाही लागली नव्हती. वकीलसाहेब मात्र खूश. "साक्षीदार सोताच्याच विरोधात बोलला, म्हंजे खरा हाय!" नियम पास झाला: न थांबता निघून जाईल त्याला फटका नाही, पकडायला थांबेल त्यालाच. त्या नियमाने पुढे सगळ्यात जास्त मार प्रमोदनेच खाल्ला.

*

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एकदा मला राहवलं नाही. फळ्यावर मांडावं तसं मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की एवढ्या वजनाचा ड्रॅगन एवढ्याशा पंखांवर उडूच शकत नाही.

वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमचं सायन्स सोमवार ते शनिवार. रविवारी ड्रॅगन उडते."

*

खेळ वकीलसाहेबांच्या ऑफिसात चालतो. एका रविवारी दोन उडणाऱ्यांच्या मारामारीवर चर्चा पेटली होती. वकीलसाहेब टेबल आपटून ओरडले, "वरून मारलं तर दुप्पट दुखापत! म्हंजे दुप्पट!"

दारात त्यांचा एक अशील उभा होता. भावाला मारल्याची केस. आपण त्या दिवशी गावातच नव्हतो, असं तो कोर्टात सांगत आला होता. त्याने घाबरून हात जोडले.

"साहेब, म्या वरून नाही मारलं! खालूनच मारलं!"

तेव्हापासून आम्ही दाराला कडी लावून खेळतो.

*

सुनीताताई नर्स. त्यांचं पात्र म्हणजे पंखवाली योद्धी, नाव घार. "दिवसभर वार्डात पायाचे तुकडे पडतात माह्या," त्या म्हणायच्या. "इथं तरी मी पाय टेकवत नसते!" आणि खरंच टेकवले नाहीत. आमची पात्रं मरायची, आम्ही नवी घ्यायचो; घार मात्र पहिल्या दिवसापासून तीच. टिटवीच्या नियमाचा खरा फायदा उचलला तो ताईंनी. प्रमोद अजून त्यांच्याकडे कमिशन मागतो.

मग ताईंच्या बदलीची ऑर्डर आली. थेट गडचिरोली. शेवटच्या रविवारी त्या पेढे घेऊन आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "जातांनी माही घार जित्ती पाह्यजे बरं."

आम्ही वकीलसाहेबांकडे पाहिलं. या माणसाने आजवर कुणाला सवलत दिलेली नाही. सख्ख्या मेव्हण्याचं पात्र त्यांनी पहिल्याच दिवशी विहिरीत पाडून मारलं. मेव्हणा परत खेळायला आला नाही.

लढाई घाटाच्या कड्यावर लागली. ड्रॅगन मला पकडायला थांबला आणि तेवढ्यात घारीने वरून झडप घातली. असा फासा पडला, की ड्रॅगन जागीच खलास! आम्ही ओरडलो. पण मरता मरता त्याची शेपटी फिरली. वकीलसाहेबांनी फासा टाकला, पाहिला, पुन्हा वाकून पाहिला.

"पंख तुटला," ते म्हणाले. पंख तुटला की खाली पडायचं, हा नियम त्यांचाच.

"मी पयतो, झेलतो तिले!" प्रमोद उठूनच उभा राहिला.

"तू घाटाच्या वर हायेस. ते खाली चालली."

मला फार वाईट वाटत होतं, आणि एका खोट्या घारीसाठी वाटतंय याची लाजही वाटत नव्हती. आता फक्त शेवटचा फासा राहिला होता, पडल्यावर किती लागलं याचा. वकीलसाहेबांनी तो उचलला, मुठीत हलवला, आणि खिशात टाकून चहा सांगायला उठले.

ताई गडचिरोलीला गेल्या. दर रविवारी खेळाच्या वेळेला त्यांचा फोन येतो. वकीलसाहेब तो स्पीकरवर टाकतात.

"साहेब, मेली का वाचली ते सांगून टाका न एकदाचं!"

"ताई, घाट लय खोल हाय. ते अजून खाली पोचलीच नाही."